परिचर्या व्यवसायातील नैतिक तत्त्वे आणि कायदेशीर जबाबदाऱ्या

रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिका व परिचारक यांनी पाळावयाची नीतिविषयक बंधने आणि कायद्याने त्यांच्यावर सोपवलेली कर्तव्ये यांचा या विषयात समावेश होतो. परिचारिका डॉक्टरांच्या सूचनेनुसार काम करीत असली, तरी तिने केलेल्या कृतीची जबाबदारी तिचीही असते. महाराष्ट्रात या विषयाच्या चर्चेत मुंबईतील अरुणा शानबाग प्रकरणाला विशेष स्थान आहे.

नियमन

भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या अधिनियमान्वये स्थापन झाली. महाराष्ट्रात व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार राज्य परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने आपली आचारसंहिता प्रथम १९५३ मध्ये स्वीकारली.

नैतिक तत्त्वे

रुग्णाची स्वायत्तता, रुग्णाचे हित, अपाय टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे सामान्यतः मानली जातात. दैनंदिन कामात ती लहान लहान कृतींतून पाळली जातात. इंजेक्शन देण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे सांगून संमती घेणे म्हणजे स्वायत्ततेचा आदर होय. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस नियमितपणे बदलल्यास शय्याव्रण टळतात. केसपेपरवरील औषधाची मात्रा अस्पष्ट वा संशयास्पद वाटल्यास ते औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. चूक झाल्यास ती तत्काळ डॉक्टरांना कळवून नोंदवावी लागते. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाने उपचार नाकारल्यास त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. त्याला परिणाम समजावून सांगणे, डॉक्टरांना कळवणे आणि नकाराची नोंद करणे अपेक्षित असते. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हेही बंधन आहे. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत २०१७ च्या अधिनियमाने त्याला कायद्याचे बळ दिले.

कायदेशीर जबाबदाऱ्या

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानंतर सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्या. परिचारिकेच्या हलगर्जीपणाबद्दल रुग्णालयालाही भरपाई द्यावी लागू शकते. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ही मर्यादा दोन वर्षे आहे. मात्र त्या संज्ञेच्या व्याख्येत परिचारिकांचा समावेश नाही.

त्यामुळे लेखी नोंदींना मोठे महत्त्व असते. औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि स्वाक्षरी या बाबी त्याच वेळी लिहिल्या जाव्यात, असा दंडक आहे. चुकीचा मजकूर खोडून नाहीसा न करता त्यावर वाचता येईल अशी एक रेघ मारून दुरुस्ती करतात.

मीरा-भाईंदरमधील काशीमीरा येथे घोडबंदर रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतो. महामार्गालगतच्या अशा ठिकाणी अपघातग्रस्तांवरील उपचार आणि पोलिसी कार्यवाही यांचा प्रश्न एकाच वेळी उभा राहतो. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने, कायदेशीर सोपस्कारांसाठी जखमीवरील उपचार थांबवू नयेत, असे स्पष्ट केले. जखमीला आणल्याची वेळ, त्याची अवस्था आणि जपून ठेवलेले कपडे यांविषयीच्या नोंदी पुढे पुरावा ठरू शकतात. लैंगिक अत्याचारपीडितांवर सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांनी विनामूल्य प्रथमोपचार वा उपचार करून पोलिसांना तत्काळ कळवणे बंधनकारक आहे.

अरुणा शानबाग प्रकरण

परळच्या राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने लैंगिक हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायूपुरवठा खंडित झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोराला हल्ला व लुटीबद्दल शिक्षा झाली. त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवला गेला नाही.

पुढे सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना अन्यत्र हलवण्याच्या प्रयत्नालाही परिचारिकांनी विरोध केला. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही शय्याव्रण झाले नाही, असे रुग्णालयाच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले.

शानबाग यांचे अन्न थांबवून त्यांना मृत्यू येऊ द्यावा, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग प्रथमच मान्य झाला. येथे शुश्रूषेतील निष्ठा आणि रुग्णाची स्वायत्तता ही दोन तत्त्वे समोरासमोर आली, कारण शानबाग यांची स्वतःची इच्छा जाणून घेणे शक्य नव्हते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. सज्ञान व्यक्तीने आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली.

परिचारिकांचे संरक्षण

वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. तो परिचारिकांनाही लागू असून त्याखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या केंद्रीय अधिनियमानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या रुग्णालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.