पिरॅमिड बांधले कुणी?

मंडळी, ईजिप्तच्या पिरॅमिडांचं चित्र तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलंच असेल. चहूकडं वाळू, आणि मधे दगडाचे तीन डोंगर. खाली लिहिलेलं असतं : 'राजांची थडगी'. पण राजा काही दगड वाहायला गेला नव्हता! मग ही थडगी बांधली कुणी?

कैरो शहराजवळच्या गीझा इथला खुफू राजाचा पिरॅमिड सगळ्यांत मोठा. त्याला सुमारे साडेचार हजार वर्षं झाली. तळाची एकेक बाजू 230 मीटर, म्हणजे नुसत्या तळानंच तेरा एकर जमीन व्यापलेली. मूळची उंची सुमारे 146 मीटर. दगड अंदाजे 23 लाख, आणि एकेका दगडाचं वजन सरासरी अडीच टन!

आता तुम्ही म्हणाल, हे गुलामांकडून चाबकाच्या जोरावर करून घेतलं असणार. पुष्कळ दिवस लोकांची समजूत तशीच होती. पण 1990 साली पिरॅमिडांच्या दक्षिणेला एका घोड्याला मातीच्या विटांची पुरलेली भिंत अडखळली. तिथं खणलं, तर मजुरांच्या कबरी निघाल्या. परलोकी उपयोगी पडावीत म्हणून शेजारी मडकी ठेवलेली. काहींची हाडं मोडून पुन्हा नीट सांधलेली, म्हणजे त्यांच्यावर उपचार झाले होते. राजाच्या थडग्याजवळ असा मान गुलामाला कोण देणार? जवळच मजुरांची वस्तीही सापडली. तिथं भाकरी भाजायच्या भट्ट्या होत्या आणि गाईगुरांची, शेळ्यामेंढ्यांची हाडं होती. पोटाला मिळत होतं म्हणायचं.

याहून नवलाची गोष्ट 2013 सालची. तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथं, पिएर तालेत या फ्रेंच संशोधकाच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. पपायरस म्हणजे पाणथळीतल्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचा कागद. त्यांवर मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसएक माणसं. तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीत भरायचा, नाईल नदीतून गीझाला पोचवायचा आणि परत फिरायचं. आज कुठं होतो, रात्री मुक्काम कुठं पडला, सारं त्यानं टिपलेलं आहे. आपल्याकडं हजेरीपट ठेवतात ना, तसंच हे!

म्हणजे हे काम सुखाचं होतं असं मात्र नाही. पाठीच्या मणक्यांवर ओझ्याच्या खुणा आहेत. कामाला यावंच लागे, ती एक प्रकारची वेठच होती. अभ्यासकांच्या मते कसबी कारागीर कायमचे असत आणि गावोगावचे शेतकरी पाळीपाळीनं येत.

तेव्हा गुरुजी, पुढच्या वेळी वर्गात ते चित्र दाखवाल, तेव्हा खुफूबरोबर मेरेरचंही नाव मुलांना सांगा. आणि मंडळी, एखादं धरण नाहीतर जुना किल्ला पाहाल, तेव्हा तुम्हीही विचारा : याचे दगड वाहिले कुणी?