कर्करोगावरील नवीं औषधें व घरची सावधगिरी

आटगांवाहून सकाळच्या गाडीनें मुंबईस जाणाऱ्या उतारूंमध्यें कागदांची पिशवी उराशीं धरलेला एखादा रोगी दिसतो. दादरास उतरून तो परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयांत जातो व सायंकाळीं परततो. हें रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथें रोगी कांहीं तासच असतो. औषधाचा दुष्परिणाम बहुधा घरीं प्रकट होतो. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घ्यावा.

कर्करोग म्हणजे शरीरांतील पेशींची बेसुमार वाढ. जुनीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालतात. त्यामुळें केस गळतात, तोंड येतें व रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्यास साधा तापही जिवावर बेततो.

नव्या औषधांपैकीं एका वर्गाची तऱ्हा निराळी आहे. आपली रोगप्रतिकारशक्ति जोमदार बैलासारखी असते. तिनें आपलेंच शेत तुडवूं नये म्हणून शरीरानें तिला वेसण घातलेली असते. कर्करोग तीच वेसण खेंचून तिला थोपवितो. निव्होलुमॅबसारखें औषध वेसण सैल करितें व प्रतिकारशक्ति रोगावर तुटून पडते. ह्या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो ह्यांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

औषध फार महाग आहे. परंतु डोकें व मान ह्यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवरील टाटा रुग्णालयाचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. तोंडानें घ्यावयाच्या औषधांस दर तीन आठवड्यांनीं केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४३ रोगी वर्षानंतर जिवंत होते. जोड न मिळालेल्यांपैकीं शेंकडा १६. अशा अल्प मात्रेमुळें हें औषध गरिबाच्याही आटोक्यांत येऊं शकतें.

मात्र वेसण सैल झालेला बैल कधीं आपलेंच शेत तुडवितो. आंतडीं, फुप्फुसें, यकृत किंवा थायरॉइड ग्रंथि ह्यांवर हल्ला होऊन जुलाब, खोकला, दम, कावीळ, पुरळ वा अतिशय थकवा येतो. औषध संपल्यावर महिन्यांनींही येऊं शकतो. येथेंच फसगत होते. जुलाबाचा दोष आपण अन्नाला देतों, खोकल्याचा हवेला. नुसतें जुलाब थांबविणारें औषध घेऊन दिवस दवडले, तर आंतड्यास भोंकही पडूं शकतें. वेळीं ओळखल्यास डॉक्टर औषध थांबवितात व स्टेरॉइड देऊन प्रतिकारशक्ति शांत करितात. पुष्कळ रोगी बरे होतात.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या. गांवांतील कोणत्याही डॉक्टरांना प्रथम कर्करोगाच्या औषधाचें नांव व तारीख सांगावी. ताप १००.४ अंशांवर गेल्यास, दम लागल्यास किंवा जुलाब न थांबल्यास त्याच दिवशीं, रात्र असली तरी, रुग्णालयास कळवावें. न विचारतां पाला, काढा वा इतर औषध घेऊं नये; भीतीनें उपचारही सोडूं नये. दुष्परिणामाची नोंद भारत सरकारच्या २०१० सालीं सुरू झालेल्या औषध-दक्षता योजनेकडे १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर देतां येते.

मुलांनो, घरांतील वडील मंडळींना इंग्रजी कागद वाचतां येत नसेल, तुम्हांला येतो. औषधाचें नांव व तारीख तुम्हीं स्वच्छ देवनागरींत लिहून ती चिठ्ठी रोग्याच्या खिशांत ठेवावी. अपरात्री अनोळखी डॉक्टर तीच प्रथम वाचतील.