राजदौरे आणि राजपदाची विभाज्यता : कॅनडाचा दाखला

स्वतंत्र राष्ट्राचा राजा त्या राष्ट्रात राहत नाही, तो अधूनमधून तेथे ‘भेटीस’ येतो, ही स्थिती राज्यशास्त्राच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी विसंगत वाटते. कॅनडाची स्थिती नेमकी अशी आहे. ब्रिटनच्या राजपदावर असलेली व्यक्तीच कॅनडाच्याही राजपदावर असते. परंतु राजपदाची नित्य कार्ये ऑटावा येथील गव्हर्नर-जनरल पार पाडतात. १ ऑक्टोबर १९४७ रोजी अमलात आलेल्या राजकीय अधिकारपत्राने राजाचे कॅनडाविषयीचे सर्व अधिकार वापरण्याची मुभा गव्हर्नर-जनरलला मिळाली. तेव्हापासून तरी राजाने कॅनडात प्रत्यक्ष उपस्थित राहण्याची घटनात्मक गरज उरलेली नाही. तथापि राजदौरे थांबले नाहीत. उलट ते अधिक वारंवार होऊ लागले. अनावश्यक असूनही टिकून राहिलेल्या या प्रथेचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

राजदौऱ्यांचा इतिहास बहुधा समारंभांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कमानी, खास आगगाड्या, जमलेले समुदाय आणि मेजवान्या यांची वर्णने विपुल आहेत. परंतु दौऱ्यावर कोण आले यापेक्षा ते कोणाच्या सल्ल्याने आले, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. संसदीय राज्यपद्धतीत राजा मंत्र्यांच्या सल्ल्याने वागतो. साम्राज्यात असा सल्ला देणारे मंत्री केवळ लंडनमध्ये होते, तोवर राजमुकुटही एकच होता. वसाहतींच्या मंत्र्यांना राजास थेट सल्ला देण्याचा हक्क मिळाला, तेव्हा एकाच व्यक्तीला अनेक सल्लागार लाभले आणि राजमुकुट कायद्याच्या दृष्टीने विभागला गेला. हे विभाजन कोणा एका कायद्याने एका दिवसात घडले नाही. ते व्यवहारातून घडत गेले. राजा प्रत्यक्ष समोर असला की त्याच्या शेजारी कोणी उभे राहावे आणि त्याचे भाषण कोणी लिहावे हे ठरवावेच लागते. म्हणून या मंद प्रक्रियेचे टप्पे राजदौऱ्यांत विशेष स्पष्ट दिसतात.

पहिला मोठा दौरा १८६० चा. माँट्रियल येथील व्हिक्टोरिया पुलाच्या उद्घाटनासाठी कॅनडा प्रांताच्या विधिमंडळाने राणी व्हिक्टोरियांना निमंत्रण दिले होते. राणी स्वतः आल्या नाहीत. त्यांनी युवराज अल्बर्ट एडवर्ड यांना पाठविले. युवराजांनी २५ ऑगस्टला पुलाचे उद्घाटन केले आणि १ सप्टेंबरला ऑटावा येथील संसदभवनाची कोनशिला बसविली. परंतु या दौऱ्यातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग किंग्स्टन येथे घडला. तेथील ऑरेंज पंथीयांनी, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट संघटनेच्या अनुयायांनी, आपली चिन्हे लावून कमानी उभारल्या होत्या. त्या कमानींखालून युवराज गेले असते तर कॅथलिक प्रजेचा, विशेषतः फ्रेंच भाषिकांचा, अपमान झाला असता. युवराजांबरोबर ब्रिटनचे वसाहतमंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसल होते. त्यांनी आक्षेप घेतला, ऑरेंज पंथीय मागे हटले नाहीत आणि युवराज किंग्स्टनला बोटीतून उतरलेच नाहीत. निर्णय विवेकाचा होता. पण तो लंडनच्या मंत्र्याचा होता. निमंत्रण कॅनडाचे, सल्ला मात्र साम्राज्याचा, असे त्या दौऱ्याचे स्वरूप होते.

१९०१ मध्ये पुढे पाचवे जॉर्ज झालेले ड्यूक कॅनडात आले, तेव्हाही हे स्वरूप पालटले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संघीय संसदेचे उद्घाटन करून ते साम्राज्याच्या प्रदक्षिणेवर निघाले होते. कॅनडा हा त्या प्रदक्षिणेतील एक मुक्काम होता. प्रथम महायुद्धात कॅनडाने मोठी किंमत मोजल्यानंतर मात्र जुनी चौकट अपुरी पडू लागली. १९२६ च्या साम्राज्य परिषदेने स्वायत्त वसाहती व ब्रिटन यांचा दर्जा समान असल्याचे मान्य केले आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्या समतेला विधिरूप दिले. तत्त्व कागदावर आले होते. ते लोकांच्या डोळ्यांसमोर यावयाचे होते.

ते १९३९ मध्ये आले. १७ मे रोजी सहावे जॉर्ज व राणी एलिझाबेथ क्वीबेक येथे उतरले. राज्यावर असलेला राजा कॅनडाच्या भूमीवर येण्याची ही पहिलीच वेळ. राजाच्या समवेत सबंध दौऱ्यात कॅनडाचे पंतप्रधान मॅकेंझी किंग होते. १९ मे रोजी राजांनी सेनेटच्या सभागृहात विधेयकांना स्वतः संमती दिली. अमेरिकेच्या नव्या राजदूताची अधिकारपत्रेही त्यांनी ऑटावा येथे स्वतः स्वीकारली. एरवी ही कामे गव्हर्नर-जनरल करीत असत. तत्कालीन गव्हर्नर-जनरल लॉर्ड ट्वीड्स्म्यूर जाणीवपूर्वक मागे राहिले. राजा उपस्थित असताना राजप्रतिनिधीचे अस्तित्व जवळजवळ लोपते, अशी त्यांची धारणा होती. जून महिन्यात राजा वॉशिंग्टनला गेले, तेव्हा सोबत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असावेत की कॅनडाचे पंतप्रधान, हा वाद केवळ मानापमानाचा नव्हता. राजा परदेशात कोणाच्या वतीने बोलणार, हा त्यातील प्रश्न होता. मॅकेंझी किंग यांनी आपला आग्रह सोडला नाही आणि तेच राजांबरोबर गेले.

दौरा संपून तीन महिने होण्यापूर्वीच या तत्त्वाची कसोटी लागली. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. कॅनडाच्या संसदेचे खास अधिवेशन भरले आणि कॅनडाची युद्धघोषणा सहाव्या जॉर्ज यांच्या नावाने १० सप्टेंबर रोजी झाली. मधला आठवडाभर एकच व्यक्ती ब्रिटनचा राजा म्हणून युद्धात होती आणि कॅनडाचा राजा म्हणून नव्हती. १९१४ मध्ये असे घडले नव्हते. त्या वेळी ब्रिटनच्या घोषणेनेच कॅनडा युद्धात ओढला गेला होता.

युद्धोत्तर काळात विभाजन नावातही उतरले. १९५३ च्या कायद्याने राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या किताबात कॅनडाचा स्वतंत्र उल्लेख आला. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांनी ऑटावा येथे संसदेचे उद्घाटन केले. राज्यावरील व्यक्तीने ते करण्याचा हा पहिला प्रसंग. त्यांनी वाचलेले अभिभाषण हे डीफनबेकर यांच्या नव्या मंत्रिमंडळाचे धोरण होते. १९५९ चा दौरा पंचेचाळीस दिवसांचा झाला. २६ जूनला सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते; पुढे राणी शिकागोलाही गेल्या, त्या कॅनडाच्या राणी या नात्याने. ज्या जलमार्गाने कॅनडाचा अंतर्भाग समुद्राशी जोडला गेला, त्याच्या उद्घाटनात दोन सार्वभौम राष्ट्रांचे प्रमुख समान पातळीवर उभे राहावेत, हा कॅनडाच्या शासनाचा हेतू उघड होता.

येथवरचा वृत्तांत सुरळीत प्रगतीचा वाटेल. परंतु सल्ल्याचे तत्त्व एका गोष्टीबाबत मूक आहे : सल्ला देणारे शासन ज्यांना आपले वाटत नाही, त्यांनी त्या राजाकडे कसे पाहावे? हा प्रश्न १९६४ मध्ये क्वीबेकच्या रस्त्यांवर उभा राहिला. शार्लटटाउन परिषदेच्या शताब्दीनिमित्त राणी कॅनडात आल्या आणि १० ऑक्टोबरला क्वीबेक शहरात गेल्या. तेथील विधिमंडळापुढे त्या फ्रेंचमध्येही बोलल्या. जिवंत राज्याने आपल्या राजकीय तत्त्वज्ञानाचा फेरविचार करण्यास भिऊ नये, शंभर वर्षांपूर्वीचा करार आजच्या सर्व गरजा भागवील असे नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. बाहेर मात्र रस्ते ओस पडले होते. जे निदर्शक जमले त्यांच्यावर पोलिसांनी दंडुके चालविले. क्वीबेकच्या स्मृतीत तो दिवस ‘दंडुक्याचा शनिवार’ म्हणून राहिला. राणींचे शब्द समजुतीचे होते. पण ते ज्यांना उद्देशून होते त्यांना त्यात ऑटावाचा आवाज ऐकू आला.

असाच, किंबहुना अधिक मूलगामी प्रश्न कॅनडाच्या मूलनिवासी जमातींचा. त्यांचे तह राजमुकुटाशी झालेले होते. पश्चिमेकडील प्रदेशांत १८७१ पासून झालेल्या क्रमांकित तहांत जमातींच्या प्रमुखांनी दूरच्या राणीचे वचन स्वीकारले होते, एखाद्या मंत्रिमंडळाचे नव्हे. म्हणून राजघराण्यातील व्यक्तीचे आगमन हे त्यांच्या लेखी गाऱ्हाणे मूळ करारकर्त्यापुढे मांडण्याची संधी असे. १९७३ मध्ये कॅल्गरी येथे त्यांच्या नेत्यांनी राणींपुढे तहांचा विषय काढला. तहांच्या आशयाचे व अटींचे पूर्ण पालन करण्याचे महत्त्व आपले कॅनडाचे शासन जाणते, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. वचनाला जागण्याची जबाबदारी त्या उत्तराने नेमकी ज्या शासनाविरुद्ध तक्रार होती त्याच शासनाकडे परत गेली. १९७९ मध्ये सुमारे तीनशे मूलनिवासी प्रतिनिधी स्वतः लंडनला गेले. परंतु कॅनडाच्या शासनाच्या सल्ल्यानुसार राणींनी त्यांना भेट दिली नाही.

हा मुद्दा अखेर इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे गेला. जानेवारी १९८२ मधील निर्णयात लॉर्ड डेनिंग यांनी मान्य केले की, तह झाले तेव्हा राजमुकुट एक व अविभाज्य मानला जात असे. परंतु नंतरच्या व्यवहाराने तो विभाज्य झाला आहे आणि तहांची बंधने आता कॅनडाच्या राजमुकुटावर आहेत, ब्रिटनच्या नव्हे. ज्या विभाजनाने कॅनडाला स्वातंत्र्य दिले, त्यानेच मूलनिवासींचा लंडनकडे जाणारा दरवाजा बंद केला. एका पक्षाची मुक्ती ही दुसऱ्या पक्षाची कोंडी ठरू शकते, ही गोष्ट राजपदाच्या विवेचनात सहसा दुर्लक्षित राहते.

त्याच वर्षी १७ एप्रिलला ऑटावा येथे संसदभवनासमोर पावसात राणींनी नव्या संविधान कायद्याच्या घोषणापत्रावर सही केली. पावसाच्या थेंबांनी कागदावरील शाई पसरली. पंतप्रधान पियेर त्रुदो शेजारी होते. कॅनडाच्या संविधानात बदल करण्याचा ब्रिटिश संसदेचा अधिकार त्या दिवशी संपला. पस्तिसाव्या कलमाने मूलनिवासींच्या विद्यमान हक्कांना व तहांतील हक्कांना मान्यता मिळाली. परंतु क्वीबेकचे शासन या व्यवस्थेस राजी नव्हते आणि समारंभात सहभागी झाले नाही. घटनात्मक स्वातंत्र्याचा कळस आणि राष्ट्रांतर्गत मतभेदाची खूण एकाच समारंभात एकत्र आली.

राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी राज्यावर असताना कॅनडाचे बावीस दौरे केले. शेवटचा २०१० मध्ये झाला. या काळात दौऱ्यांचे राजकीय वजन घटत गेले आणि ते वर्धापनदिनांचे अलंकार वाटू लागले. ही समजूत २७ मे २०२५ रोजी दूर झाली. त्या दिवशी राजे तिसरे चार्ल्स यांनी कॅनडाच्या संसदेचे उद्घाटन केले. राज्यावरील व्यक्तीने हे करण्याचा प्रसंग १९७७ नंतर प्रथमच आला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडा हे आपल्या देशाचे एक्कावन्नावे राज्य व्हावे असे वारंवार म्हटले होते. पंतप्रधान मार्क कार्नी यांनी राजांना बोलाविले ते या पार्श्वभूमीवर. राजांनी तेथे वाचले ते कार्नी मंत्रिमंडळाचेच अभिभाषण होते. अनावश्यक मानली गेलेली उपस्थिती सार्वभौमत्वाचे विधान म्हणून उपयोगी पडली.

परंतु याच वर्षाने विभाज्य राजपदाची मर्यादाही दाखविली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्याच अमेरिकी अध्यक्षांच्या हाती राजांचे शासकीय भेटीचे निमंत्रण दिले होते. कॅनडाच्या लोकांना ते रुचले नाही, असे कार्नी यांनी उघडपणे सांगितले. सप्टेंबरमध्ये ती भेट विंडसर येथे झाली. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही : निमंत्रण ब्रिटनच्या राजाचे, अभिभाषण कॅनडाच्या राजाचे. मात्र लोकांना समोर दिसते ती एकच व्यक्ती.

भारतीय अभ्यासकास येथे एक तुलना सुचेल. एप्रिल १९४९ च्या लंडन घोषणेने प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहता आले. त्यासाठी राजपदाकडे केवळ राष्ट्रकुलाच्या ऐक्याचे प्रतीक म्हणून पाहणे पुरेसे ठरले. म्हणून १९६१, १९८३ व १९९७ या वर्षी राणी भारतात आल्या त्या पाहुण्या म्हणून. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी नवी दिल्लीत यजमानपद राष्ट्रपतींचे होते. भारताने राजपदाचा प्रश्न राजपद नाकारून सोडविला. कॅनडाने तो राजपद आपलेसे करून सोडविला. दुसरा मार्ग अधिक सौम्य, पण सतत सांभाळावा लागणारा. राजा कोणाचा, हे तेथे प्रत्येक दौऱ्यात नव्याने दाखवून द्यावे लागते. आणि तो क्वीबेकचा किंवा तह करणाऱ्या जमातींचाही आहे काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ दौऱ्याने मिळत नाही.