घण बाजूला ठेवा, शाफ्ट निघतो

जुनी जीप बाळगणारे दोघे भेटले की मागच्या चाकाचा विषय निघतोच, आणि एकजण सल्ला देतोच: "नट सोडायचा आणि शाफ्टच्या टोकावर घण घालायचा. दोन टोल्यांत हब हातात." कधीकधी खरंच येतो, म्हणून तर हा गैरसमज मरत नाही. माणूस खुशीत नवं ऑइल सील बसवतो, गाडी रस्त्यावर आणतो. पुढे मागून घूंऽ घूंऽ आवाज यायला लागला की बेअरिंग डुप्लिकेट दिलं म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख करतो. बेअरिंग अस्सलच होतं. त्याची वाट घणाने लावली होती.

कोणत्या जीपबद्दल बोलतो आहोत, ते आधी स्पष्ट करू. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथेच बनू लागलं आणि कित्येक वर्षं खेड्यापाड्यांतून धावलं. या जीपच्या मागच्या शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं, म्हणजे टेपर असतं. हबचं भोकही तसंच निमुळतं. दोघांमध्ये एक चावी, टोकाला मोठा नट, नटात स्प्लिट पिन. नट आवळला की हब टेपरवर चढत जातो आणि गच्च बसतो. टेपरचा उतार इतका सौम्य असतो की नट काढला तरी घर्षण हबला सोडत नाही. तो सहज सुटू नये, हाच या रचनेचा हेतू आहे. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवायचं मुख्य काम हे घर्षण करतं.

आता घणाचा धक्का कुठून कुठे जातो ते पाहा. टोला बसला की शाफ्ट आत ढकलला जातो. डिफरन्शियलच्या मधोमध, दोन्ही शाफ्टांच्या आतल्या टोकांमध्ये थ्रस्ट ब्लॉक नावाचा ठोकळा असतो. धक्का त्या ठोकळ्यावर, तिथून पलीकडच्या शाफ्टवर आणि शेवटी पलीकडच्या बेअरिंगवर जातो. म्हणजे डाव्या चाकावर घातलेला घण उजव्या बेअरिंगला लागतो! टेपर रोलर बेअरिंग फिरता भार वर्षानुवर्षं सोसतं, पण उभ्या जागी बसलेला फटका त्याला सोसत नाही. रोलरचे ठसे रेसवर उमटतात आणि प्रत्येक फेरीला रोलर त्या खळग्यांवरून जातात. तो घूंऽ आवाज याचाच. शिवाय शाफ्टचं टोक चेपून फुगतं, आटे बसतात आणि नट पुन्हा चढत नाही.

हे माझं खासगी मत समजून कुणी सोडून देऊ नये. टेपर शाफ्ट असलेल्या जीप सीजे गाड्यांसाठी अमेरिकन मोटर्सने काढलेल्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ठोकून ओढणारा पुलर वापरायलाही मनाई आहे. कारणही तिथेच दिलं आहे: बेअरिंग आणि थ्रस्ट ब्लॉक खराब होऊ शकतात. जिथे ठोकायचा पुलर चालत नाही, तिथे उघड्या टोकावर घण कसा चालेल?

मग करायचं काय? चाकांच्या पाच स्टडांवर बसणारा स्क्रूचा हब पुलर आणायचा. गाडी जमिनीवर असतानाच स्प्लिट पिन काढून नट ढिला करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. शाफ्टच्या टोकाशी समतल आणून तिथेच ठेवायचा. आटे वाचतात, आणि टेपर सुटताना बंदुकीसारखा आवाज होऊन हब उडतो, तेव्हा नट त्याला अडवतो. पुलर ताणून आवळायचा, गंज सोडवणारं तेल मारायचं आणि थांबायचं. तासाने पुन्हा आवळायचा. गरज पडली तर रात्रभर ताणात ठेवायचा. बहुतेक हब अशा चिकाटीपुढे हार मानतात. आपल्याकडे घाई एवढी की पुलर भाड्याने आणायलाही कुणी तयार नसतं, पण शाफ्ट, बेअरिंग आणि नट नवे घ्यायला मात्र तयार असतात.

हब निघाल्यावर पुढचं काम सोपं आहे. ब्रेकचा पाइप सोडायचा, बॅकिंग प्लेटचे बोल्ट काढायचे आणि शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर ओढायचा. प्लेटच्या मागे पातळ शिम असतात. त्या ज्या बाजूच्या असतील त्याच बाजूला परत घालायच्या, कारण शाफ्टला आडवी किती मोकळीक मिळणार ते त्या ठरवतात. कचरा समजून त्या फेकणाऱ्यांना काय म्हणावं?

घणाची ही सवय आली असावी ट्रकांवरून. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला चाक हबच्या स्वतःच्या बेअरिंगांवर फिरतं आणि शाफ्ट फक्त जोर पोचवतो. अनेक ट्रकांत शाफ्टची फ्लँज निमुळत्या कोनांवर बसते. नट काढून फ्लँजवर टोला घातला की ते कोन सैल होतात. तिथे तो टोला रास्तच आहे. तो पाहिलेला माणूस जीपपाशीही घण घेऊन येतो.

मारुती जिप्सीवाल्यांचं उलटं. १९८५ मध्ये आलेल्या या गाडीत हब टेपरवर बसत नाही. फ्लँज शाफ्टचाच भाग असते. ड्रम अडला तर त्याच्या आट्यांच्या भोकांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आवळत गेलं की तो स्वतःच बाहेर येतो. मग बॅकिंग प्लेटचे चार नट काढून, फ्लँजला स्लाइड हॅमर लावून शाफ्ट बाहेर खेचतात. जीपच्या हबला वर्ज्य असलेलं हत्यार इथे योग्य ठरतं. म्हणून पाना उचलण्याआधी आपला शाफ्ट कशाने धरून ठेवला आहे, ते माहीत हवं.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

"हब गॅसने तापवला की सुटतो." सुटेलही. पण बेअरिंगमधलं ग्रीस वितळतं, सील जळतं आणि शाफ्टच्या पोलादाचं पाणी उतरतं.

"नट ढिला करून गाडी थोडी फिरवली की हब सुटतो." ही जुनी युक्ती चालते. नट आणि स्प्लिट पिन जागेवर ठेवून, मोकळ्या मैदानात, सावकाश. रस्त्यावर अजिबात नाही.

"डिफरन्शियल उघडल्याशिवाय शाफ्ट निघत नाही." काही अमेरिकी अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट आतून क्लिपने धरलेला असतो, तिथे हे खरं. सीजे-३बी आणि जिप्सीत नाही.

"चाक चावीमुळे फिरतं, नट बेताचा आवळला तरी चालतो." घर्षण गेलं की सगळा भार चावीवर येतो. चावी कापली जाते आणि खाच फाटते. नटाला सुमारे १५० फूट-पाऊंड जोर हवाच. पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळायचा, मागे फिरवायचा नाही.

"हँडब्रेक ओढला आहे, गाडी कुठे जाते?" विलीसच्या रचनेत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं मोकळं फिरू शकतं आणि गाडी जॅकवरून घसरते. गिअर टाकून ठेवला तरी तेच. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, अ‍ॅक्सलखाली घोडी द्या.

"शाफ्ट तुटला तरी गाडी हळूहळू घरी नेता येते." दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीस एमबीला हे जमायचं, कारण तिचं मागचं चाक ट्रकसारखं हबच्या बेअरिंगांवर फिरायचं. सीजे-३बीमध्ये चाक शाफ्टवरच टांगलेलं असतं. तिचा शाफ्ट तुटला तर चाकही निखळू शकतं, म्हणून गाडी जिथे थांबली तिथेच ठेवायची आणि उचलून न्यायची.