कधीपासून?

गेली एकवीस वर्षं मी मेडिकल चालवते. कृष्णाकाठच्या एका गावात, एसटी स्टँडसमोर. सर्दीची गोळी हवी असलेला माणूस रस्त्यावरूनच ओरडतो, ॲसिडिटीवाला छाती चोळत येतो. पाळीच्या दुखण्याची गोळी न्यायला आलेली मुलगी मात्र आधी खोकल्याच्या गोळ्यांची बरणी बघते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर ते जाईपर्यंत बरणीच बघत राहते. मग घड्या घालून घालून पोस्टाच्या तिकिटाएवढी झालेली नोट काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "काकू, ती गोळी." कुठली ती, हे विचारायचं नसतं. आमचे हे काउंटरला असले, तर ती पायरीवरूनच परत फिरते आणि संध्याकाळी मी आले की येते. मधले सहा-सात तास दुखणं सोसते.

पॅडचं पाकीट आम्ही अजून वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला, काळी पिशवी काही गेली नाही. आमच्या गावात काळ्या पिशवीतून दोनच वस्तू जातात. दुसरी नेणारे ती हातात घेऊन चांगले ताठ मानेने चालतात, हे आपलं जाता जाता.

आधीची बरीच वर्षं मीही त्या मुलींना पाकीट द्यायची आणि पैसे घ्यायची. लोक जिला मेफ्टाल म्हणून ओळखतात त्या गोळीत मेफेनामिक ॲसिड असतं. ते शेड्यूल एचमधलं औषध, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं. पण नियमाचं पुस्तक शहरात छापतात आणि दवाखाना रात्री आठला बंद होतो, तेव्हा मी दर वेळी चिठ्ठी बघितली असं खोटं कशाला सांगू? आता मात्र मी आधी एक प्रश्न विचारते. "कधीपासून?" हा एवढासा प्रश्न शिकायला मला माझ्याच शरीराची बरीच वर्षं घालवावी लागली.

मला पाळी आली तेव्हा मी सातवीत होते. पहिलं वर्ष विनातक्रार गेलं. आठवीत गेल्यावर दर महिन्याचा पहिला दिवस ठरलेला. ओटीपोटात कळा, कंबर धरलेली, उलटी आणि वर जुलाब. वर्गात बाईंना वाटायचं, ही परीक्षेला घाबरते. घरी आई चुलीत विटेचा तुकडा तापवायची, जुन्या लुगड्याच्या चार पदरांत गुंडाळून ओटीपोटावर ठेवायची आणि ओवा-गुळाचं पाणी द्यायची. आजी म्हणायची, "लग्न झालं की जातं." लग्न झालं, नाही गेलं. मग सासूबाई म्हणाल्या, "एक बाळंतपण झालं की जातं." पतपेढीच्या ठेवीसारखी या दुखण्याची मुदत सारखी पुढे ढकलली जायची.

त्या दोघी अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या, हे मला डी.फार्मला गेल्यावर कळलं. पुष्कळ जणींचं पाळीचं दुखणं वय वाढेल तसं, किंवा बाळंतपणानंतर, खरोखर कमी होतं. पण पुष्कळ जणींचं म्हणजे सगळ्यांचं नव्हे, आणि तोवर काय करायचं हे कुणीच सांगत नव्हतं.

दुखतं का, ते तिथेच समजलं. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं. सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं निघतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळून धरतात, पिळा मारतात म्हणा ना. स्नायू इतका आवळला की त्याच्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. हीच रसायनं आतड्यालाही चाळवतात, म्हणून जुलाब आणि मळमळ. वर्गात सर हे फळ्यावर लिहीत होते आणि मला आठवीतला तो बाक दिसत होता. माझे जुलाब परीक्षेचे नव्हते! आपल्या दुखण्याला रेणुसूत्र आहे, एवढ्यानंच मला त्या दिवशी निम्मं बरं वाटलं होतं.

या रसायनाच्या नावाची एक गंमत आहे. १९३० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना ते पुरुषांच्या वीर्यात सापडलं. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावं असं वाटलं, म्हणून हे नाव. बायका दर महिन्याला जिच्यापायी लोळतात, त्या वस्तूवर नावाची पाटी पुरुषाच्या ग्रंथीची. सातबारा कुणाच्या नावावर आणि राबतंय कोण, हे आम्हाला नवीन नाही.

पुढे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. त्यांना १९८२ चं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं. यातला 'तयार होणं अडवतात' हा भाग मी काउंटरवर रोज समजावून सांगते. मेफेनामिक ॲसिड, आयब्युप्रोफेन ही त्याच कुळातली औषधं. ती नवा माल बनू देत नाहीत, पण बनून बाहेर पडलेला माल परत घेत नाहीत. म्हणून ज्यांना डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे त्यांनी ती कळ सुरू होते आहे असं वाटलं, की लगेच घ्यायची. आमच्याकडच्या बायका आधी सोसतात, मग आणखी सोसतात, अगदीच उभं राहवेना झालं की गोळी घेतात आणि म्हणतात, "काही गुण येत नाही हो." वरातीमागून घोडं पाठवलं तर ते काय करणार? सोसण्याला आपल्याकडे मोठा मान आहे. औषधाला तो कळत नाही.

गोळी खाल्ल्या पोटी घ्यायची. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर तेही आधी सांगायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनामिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली. क्वचित कुणाला या औषधाची गंभीर ॲलर्जी उठते, ताप येतो, अंगावर पुरळ येतं, आतल्या अवयवांनाही झळ पोचते. त्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन जणी पाकिटं परत करायला आल्या. मी म्हटलं, वर्षानुवर्षं घेताय आणि काही झालं नाही, तर एवढं घाबरू नका. पण गोळी सुरू केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप-पुरळ आलं, तर 'उष्णता झाली' म्हणून घरी बसू नका.

आणि शेक. आईच्या विटेला मी कॉलेजात असताना हसायची. पुढे वाचलं की २००१ मध्ये एक अभ्यास छापून आला होता. त्यात ओटीपोटावर सुमारे ३९ अंशांचा सलग शेक देऊन पाहिला, तो आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी काय वेगळं करत होते?" मात्र ३९ अंश म्हणजे कोमट. मी रबरी पिशवीत उकळतं पाणी भरून रात्र रात्र पोटाशी धरायची. तिशीत माझ्या ओटीपोटावर तपकिरी जाळी उमटली, मासे धरायच्या जाळ्यासारखी. सारख्या उष्णतेने कातडीवर असे डाग पडतात. काही अजून आहेत.

खरं तर त्या जाळीनेच मला शहाणं करायला हवं होतं. शाळेत असताना माझं एका विटेवर भागायचं. सत्ताविशीनंतर दुखणं पाळीच्या चार दिवस आधी सुरू व्हायला लागलं आणि पाळी संपली तरी मागे रेंगाळायला लागलं. पाळीत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. नवरा जवळ आला तरी दुखायचं, हे तर कुणाला सांगणार? माझ्या हाताशी गोळ्यांचं कपाट होतं. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार. दुसऱ्या कुणा बाईने एवढी पाकिटं नेली असती तर मी तिला हटकलं असतं. मला हटकायला काउंटरच्या पलीकडे कुणी नव्हतं.

एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला. ते हसून म्हणाले, "काही नाही, मूल होऊ द्या." मूल होत नव्हतं, हेच सांगायला आम्ही गेलो होतो.

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी सापडली. पाळीच्या तारखेला पेनाने गोल करायची सवय आईने लावली होती, आणि ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवशी मी फुली मारायची. सहा वर्षांचे कागद खाली पसरले. पहिल्या वर्षी एका गोलाशेजारी एक फुली. शेवटच्या वर्षी महिन्यातले नऊ-दहा दिवस फुल्याच फुल्या, एकादशी आणि संकष्टीसुद्धा त्यांच्याखाली झाकलेली. ती गुंडाळी काखेत मारून मी कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कालनिर्णय टेबलावर उलगडलं आणि विचारलं, "हे असं वाढत कधीपासून गेलं?"

दुर्बिणीतून तपासल्यावर निघालं एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेरच, बीजकोशावर, आतड्याच्या पाठीवर रुजलेलं. पाळीच्या चक्राबरोबर तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. रोपटी छोटी असली तर सोनोग्राफीत दिसत नाहीत. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट खोटा नव्हता, अपुरा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के मुली-बायकांना हा आजार असतो. मी चौतीस वर्षांची होते. ते अस्तर जाळून काढलं, पुढे संप्रेरकाची रोजची गोळी. हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. माझा बऱ्यापैकी राहिला. मूल झालं नाही.

म्हणून 'कधीपासून'. पाळी सुरू झाल्यापासून वर्षा-दोन वर्षांत लागलेलं, रक्तस्राव सुरू होताना येणारं आणि दोन-तीन दिवसांत जाणारं दुखणं असेल, तर बहुधा ते त्या रसायनांचंच असतं. गोळी, शेक, थोडं चालणं-फिरणं यावर भागतं, नाही भागलं तर डॉक्टरांकडे संप्रेरकाच्या गोळ्यांचा उपाय असतो. पण चांगल्या चाललेल्या पाळीत मध्येच सुरू झालेलं, वर्षागणिक चढत जाणारं, शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखणारं असेल, तर मी पाकीट ड्रॉवरमध्ये परत टाकते. शाळकरी मुलगी गोळी वेळेवर घेऊनही दर महिन्याला शाळा बुडवत असेल, तर तिच्या आईला बोलावून घेते. काही आया रागावतात. एक तर म्हणाली, "तुम्ही गोळ्या विकायला बसलाय का तपासायला?" तिचंही बरोबर आहे.

दिवाळी झाली की आमच्या भागात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. स्टँडमागच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. त्या बायकांना दुखण्याची चैन परवडत नाही. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीत डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवरून चढायचं. त्यांच्या तोंडी पाळीचा आजार नसतो, 'पिशवीचा' असतो. आणि पिशवीचा आजार म्हटला की उपाय एकच सुचवला जातो, पिशवी काढा. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तिच्याबरोबर कमी वयात बीजकोशही गेले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. मोळी मात्र तेवढ्याच वजनाची राहते.

दोन वर्षांमागे त्यातली एक जण दर महिन्याला यायची. हात पाचटाने कापलेले, नखांत काळी राख. मी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा वार आणि वेळ कागदावर लिहून दिली. गेल्या हंगामात टोळी आली, ती आली नाही. तिची जाऊ आली गोळी न्यायला.

"तिचं आपरेशन झालं ताई. सुटली ती."

"आणि तुझं? कधीपासून दुखतंय?"

"माझं?" तिने मागे बघितलं. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला होता, मुकादमाने भोंगा वाजवला. तो परत वाजला. "वाजू द्या," ती म्हणाली, आणि पदर खोचून पायरीवर बसली. "तसं लई दिवसांचं हाये. थोरलीच्या वक्तापासून सांगू का?"