सपाट व्हील कव्हर : मायलेज वाढतं, पण कुठे आणि किती?

चाकणच्या महिंद्रा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बीई 6 किंवा एक्सईव्ही 9ई या गाड्यांची चाकं जरा निरखून पाहा. अलॉयच्या आऱ्यांमधली बरीचशी जागा प्लास्टिकच्या तुकड्यांनी बुजवलेली दिसेल. ती निव्वळ सजावट नाही. मग आपल्या टियागोच्या नाहीतर वॅगन-आरच्या लोखंडी रिमवर सपाट प्लास्टिकची चकती बसवली, तर मायलेज वाढेल का? वाढेल. किती, यातच सगळी गोम आहे.

गैरसमज : वारा बॉनेटला लागतो, चाकाचा काय संबंध?

वस्तुस्थिती : चाकं आणि त्यांच्या कमानी मिळून मोटारीला होणाऱ्या हवेच्या रोधाचा साधारण पाव हिस्सा खातात. गाडी ताशी 90 किलोमीटरच्या वेगाने धावत असताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, आणि त्याच टायरचा माथा 180 च्या वेगाने पुढे जात असतो. आरे पंख्याच्या पात्यांसारखे हवा घुसळतात आणि बाहेर फेकतात. गाडीच्या कुशीला लागून सरळ मागे जाणारा हवेचा प्रवाह या फेकलेल्या हवेमुळे फुटतो. सपाट चकती ही घुसळण कमी करते. चाकणमध्ये जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएसचा जाहीर केलेला रोधांक 0.20 आहे, साध्या हॅचबॅकचा 0.32च्या आगेमागे असतो. असे आकडे नुसत्या निमुळत्या नाकाने मिळत नाहीत. त्यासाठी गाडीचा तळ आणि चाकंही झाकावी लागतात.

गैरसमज : कव्हर लावलं की मायलेज दहा टक्क्यांनी वाढतं.

वस्तुस्थिती : टेस्लाच्या मॉडेल 3 वर ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने कव्हर लावून आणि काढून चाचणी घेतली. ताशी 50, 70 आणि 90 मैल अशा स्थिर वेगांना मिळून सरासरी फायदा निघाला 3.4 टक्के. तोही कारखान्यात त्या गाडीसाठीच घडवलेल्या कव्हरचा, आणि मोकळ्या ट्रॅकवर.

आता आपल्याकडचं गणित मांडू. माणसांसकट बाराशे किलोची हॅचबॅक घ्या. ताशी 90 किलोमीटरला हवा तिला साधारण 250 न्यूटनने मागे रेटते, आणि टायरचं घर्षण सव्वाशे-दीडशे न्यूटनचं. म्हणजे तिथे हवाच मुख्य शत्रू. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी 30 ला तो जेमतेम 28 न्यूटन उरतो. टायरचं घर्षण मात्र जवळपास तेवढंच राहतं.

चकतीने हवेचा रोध तीन टक्के कमी केला असं धरा. 90 च्या स्थिर वेगाने शंभर किलोमीटर गेल्यावर सुमारे 90 मिली पेट्रोल वाचेल. लिटरला शंभर रुपये धरले तर नऊ रुपये. कव्हरांचा संच हजाराचा असेल, तर पैसे वसूल व्हायला अकरा हजार किलोमीटर हायवे लागेल. पिंपरीहून मुंबईच्या चाळीसेक फेऱ्या म्हणा ना. आणि ताशी 30 ला? शंभर किलोमीटरला दहा मिली. नाशिक फाटा ते चाकण या रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी तीसचा वेग म्हणजे चैनच. तळेगाव चौकात अडकलेल्या गाडीला हवा आडवी येतच नाही, आडवे येतात ते कंटेनर.

गैरसमज : दुकानातली व्हील कॅप हेच काम करते.

वस्तुस्थिती : ती उलटी करून बघा. मागे तारेची रिंग, प्लास्टिकचे पाय आणि व्हॉल्व्हसाठी एक खाच. पुढच्या बाजूला अलॉयची नक्कल करणारे आरे आणि भोकं. ही कॅप दिसण्यासाठी असते, हवेला तिचा फारसा उपयोग नाही. घरी शीट कापून सपाट चकती करणारे हौशी लोकही आहेत. त्यांना सांगणं इतकंच, की नुसत्या प्लास्टिकच्या टायवर भरवसा ठेवू नका. खड्ड्यात सुटलेली चकती मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाते.

गैरसमज : झाकलेल्या चाकांनी ब्रेक जळतात.

हा निम्मा खरा आहे. आऱ्यांमधून जाणारी हवा डिस्क थंड ठेवायला मदत करते, आणि ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्या चाकांवर असतो. भरलेली पेट्रोल-डिझेल गाडी घेऊन बोरघाट उतरताना पुढची चाकं पूर्ण बंद असणं मला तरी मान्य नाही. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच बराचसा वेग मारते, ब्रेक कमी तापतात, म्हणून तिथे चाकं झाकणं परवडतं. चकती लावायचीच असेल तर मागच्या चाकांपुरती लावा. होंडाने पहिल्या इनसाइटमध्ये मागचीच चाकं झाकली होती.

गैरसमज : एआरएआयचा मायलेजचा आकडा वाऱ्यात गाडी पळवून काढतात.

वस्तुस्थिती : चाचणीत गाडी रोलरवर जागच्या जागी धावते. हवेचा रोध आधीच मोजून रोलरवर भार म्हणून घातला जातो. तो मोजायला गाडी ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात मंदावते ते टिपतात. चाकाच्या डिझाइनचा परिणाम कागदावर उतरतो तो इथूनच. इलेक्ट्रिक गाडीच्या कंपनीला दोन-तीन टक्के म्हणजे जाहिरातीतले दहा-पंधरा किलोमीटर. तिची धडपड समजण्यासारखी आहे, आपली तेवढी नाही.

खर्च न करता करण्यासारखं बरंच आहे. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. अमेरिकी सरकारी माहितीनुसार टपावरचा मोठा सामानाचा डबा हायवेवर 6 ते 17 टक्के इंधन खातो. रिकाम्या कॅरिअरचं नुकसान त्याहून कमी, पण फुकटचंच. टायरची हवा एक पीएसआय उतरली की मायलेज साधारण 0.2 टक्क्यांनी घटतं, म्हणजे दहा पीएसआयचं दुर्लक्ष तुमच्या चकतीची हायवेवरची सगळी कमाई घालवतं. आणि टायरचं घर्षण मोशी-चाकणच्या गर्दीतही तेवढंच असतं. तेव्हा दर पंधरा दिवसांनी हवा तपासून घ्या. पेट्रोल पंपावर ती फुकट मिळते.