पहिल्या रिमांडच्या आधी

आमच्या न्यायालयात रिमांडचं काम बहुधा दुपारच्या सुट्टीनंतर निघतं. पोलिसांची गाडी आली की आरोपींना व्हरांड्यातल्या बाकावर बसवतात आणि घरची माणसं कुठूनशी धावत येतात. फौजदारी वकिली करताना त्या बाकाजवळ मी वर्षानुवर्षं तेच प्रश्न ऐकत आलो आहे. ‘साहेब, आज सुटेल का?’ ‘खर्च किती येईल?’ आणि खालच्या आवाजात, ‘पोलीस म्हणाले वकील कशाला करता, आम्हीच सोडतो. खरं आहे का?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यांत आधी देतो, कारण बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं. वकील करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 22 नेच दिला आहे. अटकेपासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे, हेही तिथेच लिहिलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार चौकशी चालू असताना आरोपीला वकिलाला भेटता येतं. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, एवढंच. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात बजावलं.

हातात रिमांड रिपोर्ट आला की मी आधी अटकेची वेळ पाहतो आणि घरच्यांना विचारतो, ‘पोराला नेला कधी?’ मग कारणं वाचतो. ती ठरावीक असतात: ‘साथीदारांचा शोध घेणे आहे’, ‘मुद्देमाल हस्तगत करणे आहे’, ‘गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करणे आहे’. मोटारसायकल चोरीच्या एका गुन्ह्यात कोवळ्या वयाच्या मुलाला आणलं होतं. गाडी जप्त करायची म्हणून पोलीस कोठडी मागितली होती आणि त्याच गाडीच्या जप्तीचा पंचनामा कागदांत मागे जोडलेला होता. मी ते पान काढून पुढे केलं. न्यायदंडाधिकारी मॅडमनी तपासी अंमलदारांना दोन प्रश्न विचारले आणि मुलाला न्यायालयीन कोठडी दिली. त्याच दुपारी जामिनाचा अर्ज दाखल झाला. वकील नसता तर ते पान कुणी उलटून पाहिलं नसतं.

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी आणि एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, यांतला फरक घरच्यांना पहिल्यांदा इथे कळतो. पोलीस कोठडीत आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात राहतो, न्यायालयीन कोठडीत तुरुंगात जातो. ‘तुरुंग’ म्हटलं की आई रडायला लागते. पण जामिनाच्या दृष्टीने बरेचदा हीच पुढची पायरी असते, हे तिला समजावून सांगावं लागतं. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं न्यायालय विचारतं तेव्हा आरोपी आधी शेजारच्या हवालदाराकडे बघतो. मारहाण झाली असेल तर ती सांगायची हीच जागा, आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला पुकाऱ्याच्या आधी सांगणारं कुणीतरी हवं.

आता खर्चाचं. वकीलपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट विचारा: ही फी फक्त रिमांडची, जामिनापर्यंतची, की पूर्ण खटल्याची? पावती मागा. ‘जामीन झाला तरच पैसे’ असा सौदा करू नका. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. सुटकेची गॅरंटी देणाऱ्या किंवा ‘वर द्यावे लागतात’ म्हणून रोख मागणाऱ्या माणसापासून लांब राहा. वकिलापासून मात्र काही लपवू नका. तुम्ही त्याला सांगितलेलं गुपित राखायला तो कायद्याने बांधलेला आहे. जामीनदारही आजच शोधा. त्याचं ओळखपत्र, रेशन कार्ड, सात-बारा किंवा घरपट्टीची पावती तयार ठेवा. आदेश होऊनही जामीनदाराअभावी आत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि पैसेच नसतील तर? 1978 मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोफत कायदेशीर मदत ही सरकारची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, असं सांगितलं. 2012 मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देताना त्याच न्यायालयाने म्हटलं, की आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावरच वकिलाचा हक्क समजावून सांगणं आणि तो गरीब असेल तर सरकारी खर्चाने वकील देणं न्यायदंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. मुंबईवर हल्ला करणाऱ्यालाही जो हक्क नाकारला गेला नाही, तो मोबाइल चोरीच्या संशयावरून आणलेल्या मजुराला केवळ माहीत नाही म्हणून मिळू नये, याची मला मनापासून चीड येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अनेक जिल्ह्यांत त्यासाठी लोकअभिरक्षक कार्यालय आहे. फुकटचा वकील नीट लढत नाही, हा समज सोडा. तिथली माणसं फक्त फौजदारी बचावाचंच काम करतात.

घरातल्या कुणाला अटक झाली तर ओळखीचा पुढारी शोधण्यात रात्र घालवू नका. कुठल्या पोलीस ठाण्यात, किती वाजता, कोणत्या कलमाखाली, एवढं लिहून घ्या आणि वकील गाठा. तो परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा. हे पहिल्या रिमांडच्या आधी करा.